विहीणबाईंचं माहेर शोधताना: ब्रुकलिनचं वायकॉफ घर

नातवाच्या बारशाला न्यू जर्सीला जाताना आमचा कुलवृत्तांत बरोबर नेला होता. विहीणबाईंनी तो कितीतरी वेळ चाळला आणि म्हणाल्या, "माझी आजी वायकॉफ घराण्यातली. आमचंही असं मांडता येईल?" दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी कामाला लागलो.

या घराण्याचा मूळपुरुष पीटर क्लासेन. १६३६ च्या शरदात हॉलंडहून जहाजात बसला, १६३७ मध्ये न्यू नेदरलँडला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्क भागातल्या डच वसाहतीत उतरला आणि ऑल्बनीजवळ करारावर शेतमजुरी करू लागला. पुढे ग्रीट्ये व्हान नेसशी लग्न केलं आणि आजच्या ब्रुकलिनमध्ये, फ्लॅटलँड्सला शेती केली. अकरा मुलं झाली.

आमची चूक पहिल्याच पायरीवर झाली. इंटरनेटवरच्या एका आयत्या वंशावळीत पीटरच्या वडिलांचं नाव 'क्लास वायकॉफ' दिलं होतं. ते नाव हॉलंडच्या नोंदींत धुंडाळण्यात दोन दिवस गेले. मग लक्षात आलं, क्लासेन म्हणजे क्लासचा मुलगा, बस्स! १६६४ मध्ये वसाहत इंग्रजांकडे गेली आणि त्यानंतर या घराला वायकॉफ हे आडनाव लागलं. म्हणून पीटरची मुलं 'पीटर्सेन' म्हणून शोधायची. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे लावतात, तसाच हा दुवा; मला तो पटकन उमगला. १६८७ च्या राजनिष्ठेच्या शपथेची यादी जरूर बघा. प्रत्येकाच्या नावापुढे या देशात किती वर्षं झाली ते लिहिलंय. पीटरपुढे ५१ चा आकडा आहे. तो दिसला तेव्हा विहीणबाईंनी माझा हात घट्ट धरला.

सुरुवात मात्र घरातल्या कागदांपासूनच करा. आम्हाला आजीच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म-लग्नांच्या नोंदी मिळाल्या. तिथून मागे जात न्यू जर्सीतल्या मिडलबुशला पोचलो. पीटरच्या कॉर्नेलिस या मुलाची मुलं तिथे जमिनीवर स्थायिक झाली होती. त्याआधीसाठी चर्चच्या वह्या: मॅनहटनच्या डच चर्चच्या १६३९ पासूनच्या, फ्लॅटबुशच्या १६७७ पासूनच्या. दोन्हींची छापील रूपं मिळतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीतले साक्षीदार अजिबात वगळू नका, ते बहुतेक काका-मामा-आत्याच असतात. बायका लग्नानंतरही माहेरच्या नावानेच लिहिलेल्या, त्यामुळे कॉर्नेलिसची बायको ग्येर्ट्ये सिमन्स, म्हणजे सिमनची लेक, सहज सापडली. आमच्या कुलवृत्तांतात आजेसासूंच्या आधीच्या एकाही बाईचं माहेर नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

तारखांचं एक सांगते. इंग्रजी अमलात १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर चालायचं आणि वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. जानेवारी-फेब्रुवारीतला जन्म असेल तर साल दोनदा तपासा.

क्लॅरेंडन रोडवरचं पीटरचं घर आता संग्रहालय आहे. सबवे दारापर्यंत जात नाही, पुढे बस घ्यावी लागते. आत जाण्यासाठी आधी वेळ ठरवूनच जा. आजूबाजूला गाड्या दुरुस्तीची दुकानं आणि मधे हे बुटकं, लाकडी फळ्यांचं घर! सर्वांत जुना भाग १६५२ च्या सुमाराचा, तेव्हा एकच खोली होती. १९६५ मध्ये न्यूयॉर्कने वारसा म्हणून जाहीर केलेली ही पहिली वास्तू. छपराची वळचण बाहेरच्या बाजूला अशी उचलून वळवलीय की पावसाचं पाणी भिंतीपासून दूर पडावं. विहीणबाई तिच्याखाली बाळाला घेऊन उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत.

ही जमीन मुळात लेनापे या इथल्या मूळनिवासी लोकांची. आणि ब्रुकलिनच्या डच शेतांवर गुलाम राबत. १७९० च्या जनगणनेत ब्रुकलिनच्या काउंटीतला, म्हणजे जिल्ह्यातला, जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस गुलाम होता. त्यांचा फक्त आकडा, मालकाच्या नावापुढे. तुमच्या घराण्याच्या कागदांत, मृत्युपत्रात एखाद्या गुलामाचं नाव आलं तर ते उतरवून ठेवा. त्याचे वंशज तेच नाव शोधत असतील. आम्ही आमच्या तक्त्यात त्यासाठी वेगळं पान केलंय.

ऑल्बनी राहिलं. पीटर जिथे मजूर होता त्या जहागिरीचे डच कागद तिथल्या राज्य ग्रंथालयात आहेत. १९११ च्या आगीत तिथल्या कितीतरी कागदांच्या कडा जळाल्या. विहीणबाईंनी ऑक्टोबरची तारीख धरलीय. मी तोवर इथेच आहे.