उणे पन्नासला संपणारी हवा

दुसऱ्या कॉलेजात एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून प्रॅक्टिकल परीक्षा घ्यायला गेलं की उत्तरं आधीच ठाऊक असतात. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राला चार्ल्सच्या नियमाचा (दाब तोच ठेवून वायू तापवला की तो ठरावीक प्रमाणात फुगतो) प्रयोग असला, तर अख्ख्या बॅचचं निरपेक्ष शून्य, म्हणजे हिशोबाने वायूचं आकारमान शून्य होईल ते तापमान, उणे २७० ते उणे २७६ यांच्या मध्ये पडणार. हातात काचेची बारीक नळी, प्लास्टिकची पट्टी, बीकरभर गरम पाणी आणि एक-दोन अंश इकडेतिकडे दाखवणारा थर्मामीटर. तरी उत्तर पुस्तकातल्यासारखं. ते कसं येतं हे इंटर्नलला, म्हणजे त्याच कॉलेजच्या परीक्षकाला, माहीत, एक्स्टर्नलला माहीत, मुलांना तर आहेच. आमच्यात याला ‘रीडिंग बसवणं’ म्हणतात आणि सगळे सह्या करून मोकळे होतात.

त्या दिवशी एका मुलाचं उत्तर जवळपास उणे ५० आलं.

प्रयोग थोडक्यात असा. नळी एका टोकाला बंद असते. आत थोडी हवा कोंडलेली असते आणि तिच्यावर द्रवाचा एक-दोन सेंटीमीटरचा धागा बुचासारखा बसलेला. नळी इतकी अरुंद असते की धागा खाली पडत नाही, मोकळेपणाने वरखाली मात्र सरकतो. त्यामुळे आतला दाब जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच राहतो. नळी रबरबँडने पट्टीला बांधायची, बंद टोक बरोबर शून्यावर, आणि उघडं टोक वर ठेवून पाण्यात उभी करायची. पाणी तापवत, ढवळत जायचं आणि धाग्याचं खालचं टोक कुठे आहे ते वाचायचं. हवेच्या स्तंभाची लांबी म्हणजेच आकारमान, कारण नळीची जाडी सगळीकडे सारखी. तापमान आणि लांबी यांचा ग्राफ सरळ रेषेत येतो. ती रेघ मागे वाढवली की जिथे लांबी शून्य होते ते तापमान उणे २७३ च्या जवळ.

या नळीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण ती नीट करता येणारी माणसं आता फार उरली नाहीत आणि मला ती येते. केशनलिका आधी ओव्हनमध्ये तासभर वाळवायची. एक टोक ज्योतीत फिरवत फिरवत बंद करायचं. घाई केली तर तिथे काचेचा फुगा होतो आणि मग बंद टोकाजवळची जाडी वेगळी, म्हणजे सगळंच वाया. मग नळी हलकीच गरम करून उघडं टोक संहत सल्फ्युरिक आम्लात बुडवायचं. आतली हवा थंड होऊन आकसली की आम्लाचा धागा आपोआप वर ओढला जातो. हवा फार तापवली तर धागा नको तेवढा लांब येतो, कमी तापवली तर येतच नाही. आता आम्लच का? ते दाट असतं, त्याची वाफ जवळजवळ होत नाही, आणि मुख्य म्हणजे ते पाणी ओढून घेतं. आतल्या हवेत दमटपणा राहिला असेल तर तो धागाच शोषून टाकतो. म्हणजे बूचही तोच आणि हवा सुकवणाराही तोच. हा प्रयोग ज्याने कोणी असा पहिल्यांदा मांडला त्याला मी मानते.

त्या मुलाची निरीक्षणं अशी होती: २५ अंशांना ८० मिलिमीटर, ४० ला ८८, ५० ला ९७, ६० ला १०९ आणि ७० ला १२८. ठिपके रेषेत नव्हतेच, पुढे पुढे वर उसळत गेले होते. त्याने पहिला आणि शेवटचा ठिपका पट्टीने जोडला होता, मागे वाढवला होता, आणि खाली नीट अक्षरात लिहिलं होतं: निरपेक्ष शून्य, उणे ५० अंश सेल्सिअस. त्याखालच्या टक्केवारी चुकीच्या रकान्यात ८२.

“हे तुला बरोबर वाटतं?” मी विचारलं.

“नाही मॅडम.”

“मग लिहिलंस का?”

“तेवढंच आलं. पुन्हा घेऊन बघितलं, तरी तसंच आलं.”

“शेजारच्याचं २७४ आलंय.”

त्याने शेजाऱ्याकडे बघितलंही नाही. “हो मॅडम, सगळ्यांचं येतं.”

या ‘येतं’ मध्ये टोमणा होता की नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

मी त्याची नळी उजेडात धरली. धागा छान लाल होता. संहत सल्फ्युरिक आम्ल लाल नसतं. लॅबच्या मामांना विचारलं. ते म्हणाले, “आम्लाला आता बंदी आहे मॅडम. वरून कागद आलाय. लाल पाणी भरतो. पोरांना दिसायलाही बरं पडतं.” बंदीत चुकीचं काही नाही. गरम पाण्यात आम्लाची नळी फुटणं ही गंमत नव्हे, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातून नळ्या फुटतातच. पण कागद काढणाऱ्याने आम्लाच्या जागी काय भरायचं ते लिहिलं नव्हतं, आणि मामांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपल्या परीने काम चालू ठेवलं. दाट तेल चाललं असतं, नळी आणि हवा आधी नीट सुकवली असती तर. पाणी मात्र कुठल्याही परिस्थितीत चालत नाही.

कारण धागा पाण्याचा असला की त्याची वाफ आत शिरते, आणि ती किती हे तापमान ठरवतं. २५ अंशांना पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, पाऱ्याचे २४ मिलिमीटर असतो. बाहेरचा दाब ७६०, तेव्हा तेवढं कोणाच्या लक्षातही येत नाही. ६० अंशांना तोच १४९ होतो, ७० ला २३४. आतला एकूण दाब ७६० च्या वर जाऊ शकत नाही, कारण धागा सरकून जागा देतो. मग वाफेने २३४ घेतले की हवेच्या वाट्याला ५२६ उरतात. म्हणजे हवा तापली म्हणून चार्ल्सच्या नियमाने फुगते, आणि तिच्या वाट्याचा दाब कमी झाला म्हणून बॉइलच्या नियमाने आणखी फुगते. कोरड्या हवेचे ८० मिलिमीटर ७० अंशांना ९२ झाले असते. या मुलाला १२८ दिसले. चार्ल्सचा नियम वायूचं प्रमाण ठरलेलं असताना लागू होतो. इथे तर दर अंशागणिक नवा वायू आत येत होता.

दोन बॅचच्या मधल्या वेळात मी बाष्पदाबाचा तक्ता मागवला. प्रत्येक तापमानाला ७६० मधून वाफेचा दाब वजा केला, उरलेल्याला ७६० ने भागून त्या पटीत लांबी कमी केली. म्हणजे आतली हवा एकटी, पूर्ण दाबाखाली असती तर किती जागा व्यापती ते. आकडे आले ७७.५, ८१.६, ८५.२, ८७.६, ८८.६. शेवटचा ठिपका जरा खाली राहतो, बाकीचे रेषेत. सगळ्यांच्या मधून रेघ काढून मागे नेली तर उणे २७६. लाल पाणी, प्लास्टिकची पट्टी आणि तो थर्मामीटर, आणि तरी तीन अंशांचा फरक! मुलाने एकेक रीडिंग डोळ्यांच्या रेषेत धरून, पाणी ढवळून, थांबून घेतल्याशिवाय हे होत नाही.

आणि मग माझ्या डोक्यात ती दुसरी गोष्ट आली, जी मघाशीच यायला हवी होती असं कोणीही म्हणेल. सगळ्या नळ्या लाल होत्या. त्या टेबलावरच्या एकाही नळीतून उणे २७३ निघणं शक्य नव्हतं. रीडिंग बसवल्याचा संशय आम्हाला नेहमीच असतो, पुरावा कधीच नसतो. नीट केलेल्या नळीतून २७४ आलं तर ते खरं की बसवलेलं, कोण सांगणार? या नळ्यांनी मात्र अख्ख्या बॅचला पकडून दिलं होतं.

उत्तरपत्रिका पुन्हा उघडल्या. एकीत ८०, ८४, ८६.७, ८९.४, ९२.१. ज्या पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा आहेत तिच्यावर कोणी ८६.७ वाचू शकत नाही. कॅल्क्युलेटर वाचू शकतो. पहिली लांबी घ्यायची, २९८ ने (२५ अधिक २७३, म्हणजे पहिलं केल्व्हिन तापमान) भागायची, पुढच्या केल्व्हिन तापमानाने गुणायची. खोटं लिहायलाही चार्ल्सचा नियम अचूक वापरावा लागतो आणि सेल्सिअसचं केल्व्हिन करायला विसरून चालत नाही. म्हणजे नियम या मुलांना उत्तम येत होता. लेखी परीक्षेत मुलं नेमकी तिथेच २७३ मिळवायला विसरतात, इथे एकही विसरलं नव्हतं.

एका मुलीच्या कागदावर मात्र खोडरबराच्या खुणा होत्या. कागद तिरका धरला की ८९.४ च्या खाली पेन्सिलीने दाबून लिहिलेलं १०८ दिसत होतं, त्याच्या खालच्या ओळीत १२७. तिने रीडिंग घेतलं होतं, व्यवस्थित घेतलं होतं. मी तिला व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं की १०८ का खोडलंस. ती म्हणाली, “ते चुकीचं होतं ना मॅडम?” तिला खरंच तसं वाटत होतं.

इंटर्नल सर सज्जन आहेत, वाईट शिक्षकही नाहीत. पण एका वेळी चार बॅच ज्यांच्यावर लादल्या जातात त्या माणसाने प्रत्येक नळी तपासावी अशी अपेक्षा ज्यांनी केली, त्यांनी एकदा तरी प्रॅक्टिकल घेऊन बघावं. त्यांचा मुद्दा साधा होता: गुणदान योजनेत निकालाचे गुण अचूकतेला आहेत, ८२ टक्के चूक असेल तर शून्य. “मॅडम, तुम्ही म्हणता ते विज्ञान म्हणून बरोबर आहे, पण गुणांच्या तक्त्यात ते बसत नाही.”

मी त्यांना फ्रेंच शास्त्रज्ञ गे-लुसॅकची गोष्ट सांगितली. १८०२ साली त्याने वायूंचं प्रसरण मोजून प्रसिद्ध केलं आणि त्यातच नोंदवलं की चार्ल्सला हे सुमारे पंधरा वर्षं आधी दिसलं होतं, त्याने ते छापलं नव्हतं. आधीच्या लोकांचे आकडे एकमेकांशी जुळत का नाहीत, याचं जे कारण गे-लुसॅकने दिलं ते म्हणजे त्यांच्या उपकरणांत राहिलेलं पाणी. म्हणजे आमचीच लाल नळी! आणि इतकी काळजी घेऊन त्याचं स्वतःचं उत्तर काय? शून्य ते शंभर अंशांत १०० भागांचे १३७.५ भाग. त्यावरून निरपेक्ष शून्य निघतं उणे २६७ च्या जवळ. १३६.६ च्या आसपासचा आकडा, म्हणजे उणे २७३, रेन्यो या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या मोजमापांतून १८४० च्या दशकात आला. आमच्या मुलांना गे-लुसॅकपेक्षा चांगलं उत्तर एका तासात येतं, आणि याचं आश्चर्य कोणालाच वाटत नाही.

सर हसले. मग म्हणाले, “पण मॅडम, गे-लुसॅकला आपल्याकडे गुण किती मिळाले असते?” त्यांनी गंमत म्हणून विचारलं होतं. मी हिशोब केला. सव्वादोन टक्के चूक, तक्त्याप्रमाणे पूर्ण गुण. तेवढ्यापुरता तरी तक्ता निभावला.

मी त्या मुलाला निरीक्षणांचे आणि ग्राफचे पूर्ण गुण दिले, निकालाचेही दिले. कारण त्याच्या आकड्यांवरून जो निकाल निघतो तोच त्याने लिहिला होता. व्हायवात मात्र त्याचा एक गुण गेला. ठिपके वर का वळले याचा अंदाज तरी कर म्हटलं, तर गप्प राहिला. नळीत काय भरलंय हे त्याने विचारलं नव्हतं. ते विचारायला हवं होतं, एवढं माझं मत आहे.

अडलं ते बाकीच्यांपाशी. दशांशवाल्या निरीक्षणांचे गुण कापावेत असं मी म्हटलं. सर म्हणाले, सगळ्यांचेच कापावे लागतील, मग वर विचारणा होईल, मग नळ्या कोणी भरल्या ते निघेल आणि अडकतील मामा. हे खरं होतं. शेवटी निरीक्षणांचे थोडे गुण गेले, निकालाचे राहिले, आणि परीक्षकांच्या अहवालात ‘साहित्य समाधानकारक आहे का’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहून खाली चार ओळी जोडल्या: पाण्याचा धागा वापरू नये, सुकवलेल्या नळीत दाट तेल वापरावं, किंवा हा प्रयोग काढून टाकावा. मामांचं नाव कुठेही आलं नाही.

खोडरबरवाल्या मुलीचं काय करायचं यावर मात्र आमचं एकमत झालंच नाही. सर म्हणाले, तिनेही बसवलंच आहे, इतरांसारखेच कापा. माझं म्हणणं, तिने खरं रीडिंग घेतलं आणि आम्ही तिला इतकी वर्षं जे शिकवलं त्यावर विश्वास ठेवून ते खोडलं. मी तिच्या कागदावर १०८ भोवती गोल केला आणि त्या रीडिंगचे गुण दिले. सर म्हणाले, खोडलेल्याला गुण देता येत नाहीत, असा नियम आहे. नियम आहे, मलाही माहीत आहे. सही दोघांचीही लागते. अर्धा तास गेला, पुढची बॅच दाराशी उभी होती, आणि त्यांनी सही केली ती वाद संपला म्हणून नव्हे, उशीर होत होता म्हणून.