‘आर्ग्यू’च्या पुढे काय येतं?

मागच्या आठवड्यात नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात एक मुलगी आली आणि थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसली. एरवी ती पहिल्या बाकावर असते. मिहानमधल्या एका कंपनीत तिची मुलाखत होती. प्रोजेक्टबद्दल विचारलं तेव्हा तिने सांगितलं, “आय आर्ग्यूड विथ माय गाइड अबाउट द डिझाइन.” समोरच्याने पेन खाली ठेवलं. “डू यू ऑफन फाइट विथ सीनियर्स?” त्यानंतर तिच्या तोंडून धड वाक्य निघालं नाही.

“मॅडम, मी भांडली नाही जी. मी त्यांना पटवून सांगितलं, अन् त्यांनी मानलंबी होतं.”

मला फार वाईट वाटलं. पोरीने काम चांगलं केलं होतं, वाक्यही व्याकरणाला धरून होतं. घोळ झाला तो ‘विथ’मुळे. ‘आर्ग्यू’पुढे ‘विथ’ आणि माणूस आला की ऐकणाऱ्याला भांडण दिसतं. तिथेच ‘दॅट’ लावून मुद्दा मांडला की तो युक्तिवाद होतो. ‘आर्ग्यू फॉर’ म्हणजे एखाद्या गोष्टीच्या बाजूने बोलणं, ‘अगेन्स्ट’ म्हणजे विरोधात. तिला म्हणायचं होतं, “आय आर्ग्यूड फॉर अ सिम्प्लर डिझाइन.” मी ते फळ्यावर लिहिलं, तिने वहीत उतरवलं आणि ‘फॉर’खाली दोनदा रेघ मारली. ‘आर्ग्यू म्हणजे वाद घालणे’ एवढंच पाठ करून आलेल्या मुलांना हे कोणी सांगतच नाही, याचा मला राग येतो.

मला हे कळलं ते बाबांमुळे. ते सिव्हिल लाइन्सच्या हायकोर्टात एका वकिलांकडे मुन्शी होते. “आज साहेबांचं आर्ग्युमेंट मस्त झालं,” असं ते जेवताना सांगायचे. सुटीत एकदा त्यांच्यासोबत गेले, तर दोन वकील एकमेकांचा मुद्दा खोडून काढत होते आणि प्रत्येक वेळी समोरच्याला ‘माय लर्नेड फ्रेंड’ म्हणत होते. नंतर व्हरांड्यात दोघांनी सोबत चहा घेतला. आर्ग्युमेंट हे काम आहे, ते नीट करायचं असतं, हे माझ्या डोक्यात तिथेच बसलं.

‘डिसेंट’ हा शब्दही बाबांचाच. आणीबाणीतला, जबलपूरच्या नावाने ओळखला जाणारा तो खटला ते नेहमी सांगायचे. 1976 साली सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी सरकारची बाजू उचलून धरली: आणीबाणीत अटक झालेल्याला सुटकेसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळं बोलले, आणि आपली कारणं लिहून ठेवली. 2017 साली सुप्रीम कोर्टानेच तो बहुमताचा निकाल मोडीत काढला. ‘डिसअग्री’ आपण चहाच्या चवीवरूनही करतो. ‘डिसेंट’मध्ये बहुमतासमोर उभं राहून आपलं म्हणणं नोंदवणं आहे.

शब्दांची घसरण मात्र आपल्याकडेही झाली आहे. ‘हुज्जत’ अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ पुरावा, प्रमाण. आपण तो भाजीवालीशी घालतो. ‘तक्रार’ म्हणजे मुळात तीच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणणं. इंग्रजी ‘क्वारल’च्या मुळाशी लॅटिनमधलं गाऱ्हाणं आहे, आणि ज्याला आपण सभ्य समजतो त्या ‘डिबेट’च्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधलं बडवणं! आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे जुन्या तर्कशास्त्राने, तर केव्हाच विभागणी करून ठेवली होती: खरं काय ते शोधायला वाद, जिंकायला जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची फक्त मोडायला वितंडा. त्यातला सगळ्यात चांगला तो वाद, आणि आपण लेकरांना काय सांगतो? “वाद घालू नको.” मग ती पोरं इंग्रजीत तरी मुद्दा कसा मांडणार?

‘डाउट’चंही तसंच. मराठीत शंका विचारतात, म्हणून मुलं “आय हॅव अ डाउट” म्हणतात. वर्गात ते चालून जातं. परदेशातल्या माणसाला मात्र वाटतं, हिला माझ्या बोलण्यावर संशय आहे. सरळ ‘क्वेश्चन’ म्हणावं. ‘रिफ्यूट’ आणि ‘रिबट’ हेही एक नव्हेत: रिबट म्हणजे प्रत्युत्तर देणं, आणि रिफ्यूट म्हणजे समोरचं म्हणणं खोटं आहे हे सिद्ध करून दाखवणं. ज्याने आरोप नुसता नाकारला, त्याने फक्त ‘डिनाय’ केलं.

त्या मुलीची पुढची मुलाखत सोमवारी आहे. रोज अर्धा तास आम्ही समोरासमोर बसतो. मी मुद्दाम चुकीचं काही बोलते, तिने ते खोडायचं. ‘आय सी युअर पॉइंट, बट’ आता छान जमतं. अडतं एकाच ठिकाणी. प्रत्येक वाक्याआधी ती ‘सॉरी सर’ म्हणते. मी म्हणाले, तू काही गुन्हा केलेला नाहीस, कशाला माफी मागतेस?

“मोठ्यांच्या समोर सॉरी म्हणावंच लागते जी, मॅडम. नाही तर ते पुढचं ऐकतच नाहीत.”

मला ते पटलेलं नाही. तिला माझं पटलेलं नाही. उद्या सहा वाजता पुन्हा बसायचं आहे.