झाडू घरी ठेवून केलेली वारी

निघताना एकच गोष्ट ठरवली होती, वारीत झाडूला हात लावायचा नाही.

सासूच्या जागेवर वारसाहक्काने मुंबई महापालिकेत लागले तेव्हा धाकटा कडेवर होता. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराची जागा घरातच राहते. लोकांकडे सासू सुनेला पाटल्या देते, माझ्या सासूनं खराटा दिला. सात रस्त्याजवळचा एक तुकडा माझ्याकडे असायचा. सकाळी उजाडायच्या सुमाराला चौकीवर हजेरी, मग कडेकडेनं झाडत संत गाडगे महाराज चौकापर्यंत. सात रस्त्याचं कागदावरचं नाव तेच, मोनोरेलच्या स्टेशनलाही तेच दिलंय. बाबांच्या नावाच्या त्या चौकात मी गुटख्याच्या किती पुड्या गोळा केल्या त्याचा हिशोब एका पांडुरंगाला ठाऊक.

या वर्षी निवृत्त झाले आणि चिंचपोकळीच्या दिंडीत नाव घातलं, भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याचा आपला वाटा, भरली. आमची दिंडी माउलींच्या रथामागे चालते. दीडशेच्या आसपास माणसं, सामानाचा एक ट्रक, पाण्याची एक टाकी. गिरण्या चालू होत्या तेव्हापासूनची दिंडी आहे. तेव्हा रजा मिळायची नाही म्हणून निम्मी माणसं सासवडला येऊन मिळायची, असं म्हातारे सांगतात. आता बहुतेक सगळे निवृत्त, त्यामुळे आळंदीपासूनच भरगच्च.

पायाचे फोड, दिवे घाट, जेजुरीचा भंडारा यावर दरवर्षी इतकं लिहून येतं की मी त्यात भर घालत नाही. एवढंच सांगते की पहिला आठवडा माझा फार सुखात गेला, आणि त्याचं कारण तुळस. वृंदावन डोक्यावर घेतलं की मान ताठ ठेवावी लागते. समोरची पताका आणि वरचं आभाळ, बाकी काही दिसत नाही.

वाल्ह्याच्या पुढे तुळस दुसऱ्या बाईकडे गेली आणि माझी नजर रस्त्यावर पडली.

रस्ता मला वाचता येतो. नोकरीनं तेवढं शिकवलं. चहाच्या मंडपापासून चाळीस-पन्नास पावलांवर कपांचा सडा असतो, कारण तेवढ्या अंतरात चहा संपतो आणि रिकामा कप माणूस त्याहून जास्त वेळ हातात धरत नाही. म्हणजे पिंप मंडपाशेजारी ठेवून उपयोग नाही, पुढे ठेवायला हवं. वाटेवर अन्नदान करणारे मात्र पिंप नेमकं भांड्याला लागून ठेवतात. केळ्याच्या साली, राजगिऱ्याच्या लाडवाची पुडी, पाण्याच्या बाटल्या, आणि पाऊस येऊन गेला की ते वीस-तीस रुपयांचे पातळ रेनकोट. एकदा फाटला की तिथेच. आमच्या दिंडीतली एक म्हातारी साधा प्लास्टिकचा कागद घोंगडीसारखा डोक्यावरून घेते. तिसरं वर्ष आहे म्हणाली त्या कागदाचं.

लोणंदच्या तळावर रात्रीची पंगत उठली. भात, आमटी, शेवग्याची भाजी. थर्मोकोल 2018 पासून बंद, म्हणून आमच्याकडे कागदी पत्रावळी आणि कागदी द्रोण. कागदी म्हटलं की लोकांना वाटतं मातीत जिरेल. आतून चकाकतो ना तो द्रोण, तो प्लास्टिकचा पापुद्रा. आमटी त्याच्यामुळेच गळत नाही, आणि त्याच्यामुळेच तो कुजतही नाही. पळसाची पत्रावळ दोन महिन्यांत माती होते. हा द्रोण खड्ड्यात घाला आणि पुढच्या आषाढीला उकरून बघा, पापुद्रा तसाच निघेल.

तळाच्या कडेला पत्रावळींचा ढीग, त्यात उरलेला भात, त्यावर पाऊस. मी वाकले कधी ते मला कळलंच नाही. सुका एकीकडे, ओला एकीकडे, हात आपोआप चालतात. शेजारच्या दिंडीतला एक पोरगा आला, त्याच्याकडची पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "मावशी, हे पण घ्या." त्याची चूक नव्हती. नऊवारी नेसून अंधारात कचरा वेचणारी बाई म्हणजे कामाचीच बाई. पण मला रडू आलं. आळंदीहून एवढी चालत आले आणि शेवटी हेच?

आमच्या विणेकरी बुवांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी चालताना म्हणाले, "अक्का, तुम्ही उचलू नका. पण काय करायचं ते सांगा." मुकादमानं मला असं इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

मी सांगितलं ते काही माझं डोकं नाही. जुने वारकरी पडशीत स्वतःचं ताट-पेला ठेवायचे, अजूनही काही ठेवतात. तरडगावला आम्ही बाजारातून स्टीलची ताटं आणली, ज्यानं त्यानं आपलं सांभाळायचं. धुण्यासाठी चाळीतल्या लग्नाची पद्धत, तीन घमेली. पहिल्यात खरकटं काढून राखेनं घासायचं, दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात पुन्हा एकदा. तिसऱ्यातलं पाणी गढूळ झालं की ते दुसऱ्यात, दुसऱ्यातलं पहिल्यात. माणशी लिटरभरात भागतं. मोठी पोती तीन प्रकारची, आणि सवयीप्रमाणे मी प्रत्येक पोत्यावर मार्करनं दिंडीचा नंबर टाकला. या नंबरानं पुढे काय केलं ते सांगतेच.

माणशी लिटर म्हणजे एका वेळेला दीडशे लिटर. दोन वेळचं तीनशे. टाकी प्यायला आणि स्वयंपाकाला जेमतेम पुरायची. फलटणला आमच्याकडे टँकर आलाच नाही.

ज्यांनी समाजआरती पाहिली नाही त्यांना हे सांगायला हवं. मुक्कामाला पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदार हातातला चोप वर करतात आणि एवढा समुदाय एका क्षणात गप्प होतो. फक्त ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा करतात, मगच आरती. त्या संध्याकाळी सगळं शांत झालं आणि आमचे टाळ वाजत राहिले. मी शरमेनं अर्धी झाले होते. पाण्याची तक्रार खरी, पण पाणी कमी पडलं माझ्या ताटांमुळे. चोपदारांनी विचारलं, पाणी कशाला कमी पडलं? बुवा म्हणाले, ताटं धुवायला. चोपदार थोडे हसले. पाण्याची सोय करू म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी झालीही. पण दिंडीत कुरबुर सुरू झाली ती झालीच. "कागदाच्या पत्रावळीला टाळ वाजवावे लागत नव्हते," असं एक जण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. बरडच्या मुक्कामी निम्म्या लोकांची ताटं पडशीतच राहिली.

नातेपुत्याला संध्याकाळी एक शेतकरी मोटारसायकलवर आला. मागे पोतं बांधलेलं. नंबर विचारत विचारत थेट आमच्या राहुटीपाशी. झालं होतं असं की वाटेत जोराचा पाऊस आला, ट्रकमध्ये पिठाच्या गोण्या भिजायला लागल्या, म्हणून ट्रकवाल्या पोरांनी माझी कचऱ्याची अकरा पोती एका बांधावर लिंबाखाली उतरवून ठेवली. "नंतर नेऊ" म्हणाले असतील. शेतकऱ्यानं पोतं आमच्यापुढे आपटलं आणि पोत्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हस हाय माझी दारात. तिनं प्लास्टिक गिळलं तर तुमचा इठ्ठल येणार हाय का डॉक्टर घिऊन?"

कोणी काही बोललं नाही. मग बुवांनी त्याच्या पाया पडायला हात पुढे केले, तो एकदम मागे सरला, "माउली, आसं नगा करू," म्हणाला आणि राग तिथेच विरघळला. चहा घेतला. आमची पोरं टेम्पो घेऊन उरलेली दहा पोती आणायला गेली. दोन फाटली होती, ती बांधावरून हातानं वेचावी लागली, तीही त्यांनीच वेचली. त्या रात्री पंगतीला सगळी ताटं बाहेर आली.

त्या आकड्यावर मी पुढचे दोन दिवस विचार करत चालले. मुंबईत पालिकेनं 1990 च्या दशकात एएलएम काढले, प्रगत परिसर व्यवस्थापन. एका गल्लीतल्या लोकांनी एकत्र बसायचं, आपला कचरा आपण वेगळा करायचा. कल्पना चांगली, पण एकाच मजल्यावरची माणसं एकमेकांची तोंडं बघायला तयार नसतात, तिथे गल्ली कुठून बसणार? 2017 मध्ये नियम आला, रोज 100 किलोच्या वर कचरा काढणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा. त्यावरची भांडणं मी फाटकाबाहेर गाडी घेऊन उभी राहून ऐकली आहेत. आणि इथे? रथापुढे 27 दिंड्या, मागे त्याहून कितीतरी. प्रत्येकीला नंबर, प्रमुख, आचारी, ट्रक. रोज तीच माणसं त्याच ओळीत जेवायला बसतात. चालती सोसायटीच की ती, आणि भांडण मिटवायला चोपदार आयता. लाखो वारकऱ्यांचा कचरा म्हटलं की कोणत्याही अधिकाऱ्याला घाम फुटेल. दीडशे माणसांचा कचरा मी एकटीसुद्धा सांभाळला असता, तर दीडशे माणसांना का जमू नये?

पंढरपुरात आमची दिंडी दरवर्षी एका वाड्यात उतरते. 2011 च्या जनगणनेत या गावाची वस्ती लाखाच्या आत होती, आणि आषाढीला माणूस येतो दहा लाखांच्या वर. वर्षाला चार यात्रा, त्यामुळे पंढरपूरकरांना गर्दीचं नवल नाही. पण दशमीपासून बोळात पाय ठेवायला जागा नसते, मग घंटागाडी आत येणार कशी? वाड्यातल्या काकूंना मी तेच विचारलं. त्यांनी मला मागच्या परसात नेलं. तिथे कमरेएवढा खड्डा, त्यात उसाचं पाचट पसरलेलं. चार घरांचं मिळून. खरकटं आणि तुळशीच्या माळा पडल्या की वर पाचटाचा थर, थोडं शेणाचं पाणी. वास म्हणून नाही. सुका कचरा पोत्यात भरून माडीवर, गर्दी ओसरली की द्वादशीनंतर घंटागाडीला.

"माळा तशाच टाकू नका हां," काकू म्हणाल्या आणि माझ्या हातातली माळ घेतली. नखानं गाठ सोडवली, दोरा ओढून काढला. नायलॉनचा. पूर्वी केळीच्या सोपटात ओवायचे. खड्ड्याशेजारी एका खिळ्यावर असल्या दोऱ्यांचा हा एवढा गुंता लटकत होता, हिरवा, पांढरा, लाल. एकेक दोरा काढायला दहा सेकंद लागतात, पण हजार माळा असल्या की? मीही बसले त्यांच्याबरोबर. झाडूला हात लावायचा नाही असं ठरलं होतं, दोऱ्याचं काही ठरलं नव्हतं.

एकादशीला पहाटे चंद्रभागेवर गेले. न्यायालयाच्या आदेशानंतर वाळवंटातल्या राहुट्या पलीकडे 65 एकरात हलल्या, तेव्हापासून बरंच बदललं असं जुने लोक सांगतात. तरी काठावर ओली लुगडी, धोतरं, पणत्यांचे द्रोण होतेच. स्नान करून अंगावरचं जुनं कापड नदीत सोडायची काहींची रीत आहे. ते काढायला गुडघाभर पाण्यात बायका उभ्या होत्या, कंत्राटावरच्या. मी एकीला विचारलं, हातमोजे देतात का? "देत्यात की. वलं झालं की निसटत्यात," ती म्हणाली आणि बोटं पसरून दाखवली. पांढरी पडून सुरकुतलेली. माझे हात तिला दाखवायची गरज पडली नाही, तिनं बघितलेच होते.

पददर्शनाच्या रांगेत मी लागले नाही. नामदेव पायरीसमोर चोखोबांच्या समाधीपाशी टेकले. मंगळवेढ्याचं कुसू बांधताना भिंत अंगावर पडून गेलेला माणूस. माझ्या सासूनं वारी कधी केली नाही, पण चोखोबांचे अभंग तिला पाठ होते. गाडगेबाबा याच गावात यायचे, वाळवंट झाडायचे, कीर्तन करायचे आणि देवळात न जाता परत फिरायचे. त्यांनी इथे बांधलेली चोखामेळा धर्मशाळा 1949 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. मी समाधीपुढे नारळ फोडला, कवटी पिशवीत टाकली.

परतीच्या आदल्या दिवशी पोती भंगारवाल्याकडे घातली. बाटल्या आणि पुठ्ठा त्यानं घेतला, लाडवाच्या पुड्या आणि रेनकोटला हातसुद्धा लावला नाही. तीनशे दहा रुपये आले. बुवांनी सगळ्यांना खाऊ म्हणून त्याचे राजगिऱ्याचे लाडू आणले, प्लास्टिकच्या पुडीतले. माझ्याकडे बघितल्यावर त्यांच्या लक्षात आलं, मग ते स्वतःच पुड्या गोळा करत फिरले.

गेल्या रविवारी चिंचपोकळीत दिंडीची बैठक झाली. पुढच्या वर्षी ताटं सक्तीची, हे कुरबुर न होता मंजूर झालं. माळा फक्त सुती दोऱ्याच्या किंवा सोपटाच्या, हेही. दुसऱ्या टाकीला साठ हजारांच्या घरात खर्च येतो, तो कोणी द्यायचा यावर दोन तास गेले आणि बैठक पुढे ढकलली.