स्क्रीन नसलेला ग्राफिक्स टॅब्लेट: हात खाली, नजर वर

माऊसने फोटोतले केस मास्क करून करून (म्हणजे पार्श्वभूमीपासून वेगळे करून) मनगट दुखायला लागलं तेव्हा ठरवलं की आता पेन टॅब्लेट घ्यायचाच, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायची सपाट पाटी, तिच्यावर पेन फिरवला की कर्सर हलतो. स्क्रीनवाला घ्यावा का यावर बराच खल केला, पण तो महाग, वर केबलींचा गुंता आणि मान खाली घालून बसायचं, म्हणून साधा बिनस्क्रीनचा मीडियम साइजचा घेतला. एकदम छोट्यात हात जरा हलला की कर्सर अर्धी स्क्रीन पार करतो, म्हणजे सगळा भार परत मनगटावरच. आणि ते ८१९२ प्रेशर लेव्हल (पेन किती जोरात दाबलाय याच्या पायऱ्या) वगैरे वाचून भारावून जाऊ नका, २०४८ वाला जुना पेन हातात दिला तर मला तरी फरक कळणार नाही.

आधी ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला टॅब्लेट ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर. दुसऱ्या कंपनीच्या टॅब्लेटचा जुना ड्रायव्हर पडून असेल तर तो काढून टाका, दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मग कर्सर चालतो पण प्रेशर गायब. मॅकवर प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन ड्रायव्हरला परवानग्या द्याव्या लागतात. विंडोजवर वेगळाच ताप, पेन टेकवून जरा थांबलं की टोकाभोवती गोल रिंग येते, तो राइट क्लिक असतो आणि त्याच्यामुळे रेघ उशिरा सुरू होते, ते ‘पेन अँड टच’ मध्ये जाऊन बंदच करा. चित्र काढायला मी क्रिता हा प्रोग्रॅम वापरतो, फुकट आहे आणि चांगलं आहे, त्यात प्रेशर चालत नसेल तर टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक (पेनाची माहिती प्रोग्रॅमपर्यंत पोचवायच्या दोन पद्धती) यातला जो निवडलेला नसेल तो पर्याय निवडून प्रोग्रॅम बंद करून परत चालू करायचा. तिथेच टॅब्लेट टेस्टर पण आहे, पेन दाबून बघा आकडे बदलतायत का, म्हणजे दोष ब्रशचा आहे की ड्रायव्हरचा ते लगेच समजतं.

आता मॅपिंग, म्हणजे टॅब्लेटचा कुठला भाग स्क्रीनच्या कुठल्या भागाला जोडायचा, याबद्दल कोणी नीट सांगत नाही. टॅब्लेटच्या लांबी-रुंदीचं प्रमाण १६:१० आणि मॉनिटरचं १६:९ असेल तर हाताने काढलेला गोल स्क्रीनवर थोडा चपटा दिसतो, आणि दोन मॉनिटर जोडलेले असतील अन् टॅब्लेट दोन्हीवर पसरला असेल तर विचारूच नका. ड्रायव्हरमध्ये एकच मॉनिटर निवडायचा आणि प्रमाण लॉक करायचं, खालची एक पट्टी वाया जाते, जाऊ दे. टॅब्लेट स्क्रीनच्या समोर सरळ ठेवला का तेही बघायचं. मला देवनागरी लेटरिंग (हाताने अक्षरं रेखाटणं) करायचं होतं आणि माझी शिरोरेषा कायम उजवीकडे चढायची, हाताला मी शिव्या देत होतो आणि टॅब्लेट कीबोर्डच्या बाजूला तिरका पडलेला.

हात खाली आणि नजर वर याची सवय व्हायला मात्र वेळ लागतो, त्याला पर्याय नाही. मला उपयोगी पडलं ते हॉव्हर, म्हणजे पेन न टेकवता नुसता वरून फिरवणं. यातले बरेच पेन बॅटरीशिवाय चालतात, टॅब्लेटच्या आत तयार होणाऱ्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातून पेनातल्या कॉइलला ऊर्जा मिळते, त्यामुळे टोक साधारण एक सेंटीमीटर वर असतानाच कर्सर हलायला लागतो. तर दोन ठिपके काढायचे, पेन न टेकवता एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर हवेतल्या हवेत दोन-तीनदा फिरवायचा, आणि मग हात न थांबवता टेकवून एका दमात रेघ ओढायची. कोपरापासून, बोटांनी नाही. घाबरत घाबरत हळू काढलेली रेघ हमखास थरथरते. थरथर आपोआप कमी करणारा स्टॅबिलायझर प्रोग्रॅममध्ये आहे, पण तो जास्त ठेवला की रेघ मागून फरफटत येते, मला कमीच आवडतो.

एडिटिंगला मात्र पहिल्यापासून मजा आली. मास्क करताना ब्रशचा साइज प्रेशरला जोडला, फ्लो (ब्रशमधून रंग किती सुटतो ते) कमी ठेवला आणि केसांच्या बटा मुळाकडून बाहेरच्या दिशेने ओढल्या, शेवटी पेन उचलत उचलत, की टोक आपोआप बारीक होतं. हे माऊसने होणं शक्यच नाही. डॉज-बर्नला (फोटोतले भाग उजळ किंवा गडद करायला) उलटं, तिथे साइज फिक्स ठेवून फक्त फ्लो प्रेशरवर, नाहीतर गालावर मण्यांसारखे डाग पडतात. जोर लावून लावून बोटं दुखत असतील तर ड्रायव्हरमधला प्रेशर कर्व्ह मऊ करा, म्हणजे हलक्या दाबालाही जाड रेघ येते, पेन दाबायची गोष्टच नाही.

टॅब्लेटवरच्या बटणांवर मी फक्त अनडू आणि इरेजर ठेवलेत, बाकी डावा हात कीबोर्डवर, क्रितात ४ आणि ६ ने कॅनव्हास फिरतो आणि ५ ने सरळ होतो, वळणदार रेघांना हे सोन्यासारखं. निब (पेनाचं बदलता येणारं टोक) झिजून एका बाजूने धारदार झाली की लगेच बदला, नाहीतर टॅब्लेटवर ओरखडे उमटतात.

वेक्टरचे पॉइंट (ज्या बिंदूंवरून वेक्टर चित्रातल्या रेघा आकार घेतात ते) हलवायला मी अजून माऊसच घेतो, कारण पेनने क्लिक करताना टोक किंचित सरकतं आणि पॉइंट पण त्याच्याबरोबर जातो, डबल क्लिकचं तर नावच काढू नका, ते मी पेनच्या बाजूच्या बटणावर टाकून मोकळा झालो.