0.03 चा फरक आणि अडकलेली सही

बिलिंग, स्टॉक, पगार अशा सिस्टिम लिहिण्यात माझी पंधरा वर्षं गेली. तरी कुणी 'अनुभव सांग' म्हटलं की एकच प्रसंग आठवतो, आणि अजूनही थोडा राग येतोच.

जुनी बिलिंग सिस्टिम बंद करून नवी चालू करायची होती. कोड, टेस्टिंग, डेटा हलवणं सगळं वेळेत झालं. मग एक महिना दोन्ही सिस्टिम शेजारी-शेजारी चालवल्या. आकडे जुळले की अकाउंट्सच्या मॅडम सही करणार आणि आम्ही गो-लाइव्ह. सहीच्या कागदावर 'फरक' नावाचा एक रकाना होता. आमचा फरक 0.03, म्हणजे तीन पैसे.

किरकोळ फरक जिरवायला हिशेबात राउंड ऑफ नावाचं खातं असतं. मी म्हटलं, "मॅडम, राउंड ऑफ खात्यात टाकून द्या ना."

"राउंड ऑफला काय टाकायचं ते मी ठरवणार. तुमची सिस्टिम नाही."

कागद तसाच परत. अडीच आठवडे मी तो कागद घेऊन त्यांच्या टेबलापाशी जात होतो. त्या मान वर न करता विचारायच्या, "सापडला?" मॅनेजर माझ्यावर चिडलेला, मी मॅडमवर. एवढ्याशा फरकासाठी कुणी प्रोजेक्ट अडवतं का, हे मी ज्याला त्याला ऐकवलं.

आधी संशय फ्लोटवर, म्हणजे दशांश आकडे अंदाजे साठवण्याच्या पद्धतीवर घेतला. संगणकाला 1.005 नेमकं साठवता येत नाही, तो 1.00499... असं काहीतरी धरतो, हे पहिल्या वर्षापासून पाठ. पण रकमा दोन्हीकडे डेसिमलमध्येच होत्या, म्हणजे दशांश जसेच्या तसे साठवणाऱ्या प्रकारात. चार दिवस फुकट. (एकूण बेरजांकडे बघत बसू नका. पहिल्याच दिवशी बिलागणिक तुलना करणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहा. मी ती दुसऱ्या आठवड्यात लिहिली, म्हणून सांगतोय.)

क्वेरी चालवली आणि गार पडलो. फरक तीन नव्हे, एकोणीस ठिकाणी होता. 11 बिलं आमच्याकडे 0.01 ने जास्त, आणि 8 क्रेडिट नोटा (बिलाची रक्कम कमी किंवा रद्द करणारे कागद) तेवढ्याच उलट बाजूने. एकमेकांना खाऊन वर उरले होते 0.03.

कारण कळल्यावर हसावं की रडावं कळेना. जुना हिशेब सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत होता. तिथलं रक्कम राउंड करणारं मॅथ.राउंड, वेगळं काही सांगितलं नाही तर, बरोबर मध्यावरची रक्कम जवळच्या सम अंकाकडे नेतं, म्हणजे 1.025 चे 1.02. मी हिशेब डेटाबेसमध्ये हलवला होता, आणि तिथलं राउंड 1.03 करत होतं. गंमत म्हणजे 1.035 चे दोघंही 1.04 च करतात, त्यामुळे निम्मी उदाहरणं जुळायची आणि मी फसायचो. आता नवीन काम घेताना पहिल्याच बैठकीत विचारतो: राउंडिंग बिलाच्या प्रत्येक ओळीवर की एकूण बेरजेवर, आणि मध्यावरची रक्कम कुठे न्यायची? लोक बघत राहतात. बघू देत.

आणि मॅडम का अडून बसल्या होत्या? जुन्या सिस्टिममधल्या बिलाची क्रेडिट नोट नव्या सिस्टिममध्ये निघाली असती, तर ते बिल 0.01 बाकी दाखवत कायमचं उघडं राहिलं असतं. असली बिलं दर महिन्याला त्यांनाच हाताने बंद करावी लागली असती. हे त्यांनी मला आधीच सांगितलं असतं तर! पण खरं तर मीही विचारलं नव्हतं.

हो, एक राहिलं. चुकलेली नोंद डेटाबेसमध्ये जाऊन गुपचूप दुरुस्त करू नका, तिला रद्द करणारी उलट नोंद टाका. त्या अडीच आठवड्यांत तो मोह मला दोनदा झाला होता.

नियम बदलून महिना पुन्हा चालवला. फरक 0.00. मॅडमनी कागद दोनदा वाचला, सही केली, खाली तारीख घातली आणि म्हणाल्या, "छान. आता मागच्या वर्षाचे बाराही महिने असेच जुळवून दाखवा."