तुम्ही विचारलंत म्हणून: ओढ्यातलं सोनं आपल्याला मिळेल का?

‘मुलीकडे मेलबर्नला दोन महिने चाललोय. तिकडे बलॅरटच्या आसपास ओढ्यांत अजून सोनं मिळतं म्हणे. आम्हाला जमेल का? आणि इथे मुंबईत आधी काही शिकता येईल का?’ दादर-पार्ल्याकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो, की उत्तर एकदाच नीट लिहून टाकलेलं बरं.

मिळतं, आणि जमेलही. तिकिटाचे पैसे सुटतील ही आशा मात्र सोडा. दिवसभर उकिडवं बसून मोहरीहून बारीक चार कण हाती लागले, तर नवशिक्याचा दिवस चांगला गेला म्हणायचा. तेही पॅन, म्हणजे गाळ धुऊन सोनं वेगळं करायचं पसरट भांडं, चालवता येत असेल तर. बहुतेक जण सगळी अक्कल जागा शोधण्यात घालवतात आणि पॅनमध्ये आलेलं सोनं स्वतःच्या हाताने परत ओढ्यात सोडून देतात. म्हणून हात बसवायचा तो इथेच, घरच्या बाल्कनीत.

मुंबईच्या नद्यांत मात्र शोधायला जाऊ नका. आपल्या पायाखालचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात सोन्याच्या शिरा नाहीत. मालाड-कांदिवलीच्या खाणींतून प्रीहनाइट, गायरोलाइट, ओकेनाइट असे स्फटिक निघाले, ते वेगळं; तसली खनिजं पाहायची असतील तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय गाठा. शिवाय १९५७च्या खाण व खनिज कायद्यामुळे आपल्याकडे परवान्याशिवाय खनिजाचा शोध घेता येत नाही, आणि हौशी माणसासाठी वेगळा परवाना नाही. कोलारची खाण २००१ साली बंद झाली म्हणून तिथे कुदळ घेऊन जायची सोय झाली असंही नाही.

सोनं धुण्याचं कसब मात्र मुंबईत आहे, झवेरी बाजारात. कारागिरांच्या गाळ्यातला केर विकत घेऊन झारेकरी तो घमेल्यात धुतात. त्यांचं मनगट कसं फिरतं ते जरूर बघा. त्यानंतरच्या पारा आणि तेजाबाच्या पायरीच्या वाटेला जाऊ नका, पाऱ्याची वाफ विषारी असते. ओढ्यावरच्या हौशी माणसाला त्याची गरजही पडत नाही.

सगळा खेळ वजनाचा. त्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा गारेचा दगड (क्वार्ट्झ) २.६५ पट जड, काळी लोहवाळू सुमारे ५ पट, शिसं ११.३ पट आणि सोनं १९.३ पट. म्हणजे ज्याला शिसं राखता आलं त्याच्या हातून सोनं सहसा निसटत नाही. सराव शिशावर करायचा तो यासाठी.

१४ इंची प्लास्टिकचा पॅन घ्या, एका बाजूला आडव्या खाचा असलेला, काळा किंवा हिरवा. स्टीलची परात नको. ती उथळ, गुळगुळीत, आणि चकाकीत बारीक कण दिसत नाहीत. बांधकामावरून घमेलंभर क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, मागून आणा. ती आपल्याच बेसॉल्टची, त्यामुळे तिच्यात चुंबकाला धरणारे काळे कण आयतेच असतात. मासेमारीचं सामान विकणाऱ्याकडून गळाला लावायचं शिसं घ्या, कात्रीने बारीक तुकडे करा आणि हातोडीने चपटे ठोका: तिळाएवढे पाच, राजगिऱ्याएवढे पाच. ठोकायचा कंटाळा करू नका. गोल छरा चटकन तळ गाठतो आणि आपल्याला उगाच वाटतं की जमलं. सोन्याचा कण बहुधा चपटा असतो आणि पाण्यात हेलकावे खातो. शिशाला हातमोजे घालून हात लावा, नंतर साबणाने हात धुवा, आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं यात आणू नका.

आता कृती. वाळू साधारण ६ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. पॅन दोन तृतीयांश भरा, शिशाचे दहा तुकडे मोजून टाका आणि सगळं टबातल्या पाण्यात बुडवा. बोटांनी मातीचे गोळे फोडा. हे काम रटाळ आहे, पण ओढ्यावर सर्वांत जास्त सोनं चिकणमातीच्या न फुटलेल्या गोळ्यांबरोबर वाहून जातं. मग पॅन पाण्याखाली आडवा, सपाट धरून डावी-उजवीकडे जोरात हलवा, मनात तीस मोजेपर्यंत. जड ते खाली जातं ते याच वेळी. आजी तांदूळ रोळून खडे तळाशी ठेवायची, तेच हे. फरक इतकाच की आपल्याला खडे हवेत.

त्यानंतर खाचांची बाजू पुढे करून पॅन कलता करा, पाण्यात बुडवून उचला, आणि वरचा हलका थर कडेवरून जाऊ द्या. तीन-चार वेळा असं केलं की थांबा. पुन्हा सपाट, पुन्हा हलवणं. चुका इथेच होतात. सिनेमात गोल-गोल फिरवताना दिसतं म्हणून लोक पहिल्यापासून फिरवत सुटतात. थर बसलेलेच नसतात, मग हलक्याबरोबर जडही जातं. किंवा एकदा हलवलं की धुतच राहतात. शेवटी दोन चमचे काळी वाळू उरली की मगच अर्धी वाटी पाणी ठेवून हळू फिरवा. काळी वाळू पुढे सरकते, शिसं मागे राहतं. कण तरंगताना दिसला तर घाबरू नका, हाताचं तेल लागलेलं असतं. भांड्याच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाका. चुंबक लावायचा तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणि उथळ पाण्यात, नाहीतर लोहवाळूच्या गुच्छात सोन्याचे कण अडकून निघून जातात.

दहापैकी दहा तुकडे लागोपाठ परत मिळायला लागले की तयारी झाली. वाळू मोरीत ओतू नका. नळ तुंबला तर सोसायटीत सोन्याचं कारण सांगून सुटका होत नाही.

व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न-बलॅरटच्या राज्यात, सोनं जाहीर झालं १८५१ साली. १८६९मध्ये मोलियागुलला ‘वेलकम स्ट्रेंजर’ नावाचा गोळा जमिनीखाली जेमतेम ३ सेंटिमीटरवर मिळाला, ही गोष्ट तिथे सगळे सांगतील. ऐका आणि विसरा. तुम्ही बघायचं ते ओढ्याच्या वळणाची आतली बाजू, मोठ्या धोंड्यांची प्रवाहाच्या खालची बाजू, आणि तळाच्या कातळातल्या भेगा, विशेषतः प्रवाहाला आडव्या गेलेल्या. मधल्या सैल वाळूत वेळ घालवू नका. भेगेतला गच्च बसलेला गाळ चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने उकरा, चमच्याने आणि ब्रशने शेवटच्या कणापर्यंत काढा. पाच पॅन सैल वाळूपेक्षा असा अर्धा पॅन बरा.

आधी तिथला ‘मायनर्स राइट’ हा परवाना ऑनलाइन काढा. तो १० वर्षं चालतो आणि सापडलेलं सोनं तुमचं असतं. साधी हत्यारं आणि हातात धरायचा मेटल डिटेक्टर एवढंच चालतं. राष्ट्रीय उद्यानांत सहसा बंदी, खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी, काही ओढे सरसकट वर्ज्य: ठिकाण ठरवण्याआधी सरकारी नकाशा पाहा. काठ खणू नका, खड्डा बुजवा. झाडीत शिरताना पायाखाली बघा, जुन्या खाणींचे उघडे खड्डे तिथे असंख्य आहेत आणि पालापाचोळ्यात दिसत नाहीत. एवढं नको असेल तर बलॅरटच्या सॉव्हरिन हिलमध्ये पॅन चालवून बघा, मिळेल ते घरी नेता येतं.

रत्नांचा नाद असेल तर क्वीन्सलंडमधली सफायर, रुबीवेल ही गावं. परवाना तिथला वेगळा. तिथे पॅन नव्हे, एकात एक बसणाऱ्या दोन चाळण्या. पाण्यात वर-खाली हिसके द्यायचे आणि मग खालची चाळणी गोणपाटावर झटक्यात उपडी करायची. नीलम गारेपेक्षा दीडपट जड, म्हणून तो ढिगाच्या मध्यावर, वरच दिसतो. चमकणारा खडा शोधू नका. कच्चा नीलम तेलकट दिसतो, उन्हासमोर धरल्यावर रंग देतो.

पिवळं काही दिसलं की त्यावर हाताची सावली धरा. सोनं सावलीतही तसंच पिवळं राहतं, अभ्रक आणि पायराइट (सोन्यासारखं चमकणारं खनिज) विझतात. सुई टोचली तर सोन्यात खळगा पडतो, पायराइटचा चुरा होतो.

सरावाचा पॅन आणि बूट सोबत नेणार असाल तर घासून, मातीचा कणही न ठेवता न्या आणि विमानतळावर जाहीर करा. ऑस्ट्रेलियात मातीबाबत फार कडक तपासणी असते. येताना सोनं आणणार असाल तर तेही आपल्या कस्टम्सला जाहीर करा. दागिन्यांची सवलत कच्च्या सोन्याला गृहीत धरू नका. चार कणांसाठी ही कटकट नको असेल तर कणांची बाटली मुलीकडेच राहू द्या.