रात्रीची स्वस्त वीज आणि दोन आकड्यांचा मीटर

इंग्लंडमध्ये भाड्याने घर बघताना ‘गॅस नाही, सगळं विजेवर’ असं एजंटने सांगितलं, की पुढचा प्रश्न मीटरचा विचारायचा. अशा जुन्या फ्लॅटमध्ये बरेचदा ‘इकॉनॉमी सेव्हन’चा, म्हणजे रात्री सात तास स्वस्त वीज देणाऱ्या योजनेचा मीटर असतो. आमचा जिन्याखालच्या कपाटात, छत्र्या आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे आहे. त्यावर एकाऐवजी दोन रीडिंग असतात, एक दिवसाचं आणि एक रात्रीचं.

ही पद्धत १९७८ सालची. कोळशाची आणि अणुवीज केंद्रं रात्री बंद करून सकाळी पुन्हा चालू करणं परवडत नाही, आणि रात्री मागणी तर पडलेली. मग सात तास वीज स्वस्त द्यायची आणि लोकांनी त्या वेळात घर तापवून ठेवायचं, असा हा हिशोब. त्यासाठी भिंतीला स्टोरेज हीटर. आत जड विटा असतात, त्या रात्रभर तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. वर दोन बटणं: इनपुट म्हणजे रात्री किती उष्णता भरायची, आउटपुट म्हणजे ती किती भराभर बाहेर सोडायची. झोपताना आउटपुट बंद केलं नाही, तर ऊब पहाटेपर्यंत वाया जाते आणि संध्याकाळी सहाला कुडकुडत बसावं लागतं.

आपली खरी पंचाईत होते ती गरम पाण्यात. गीझर अंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटं लावायचा आणि आठवणीने बंद करायचा, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. इथल्या टाकीत सहसा दोन हीटर असतात. खालचा रात्रीच्या दरात अख्खी टाकी तापवतो, वरचा ‘बूस्ट’ लिहिलेल्या बटणाने लगेच चालू होतो. काटकसर म्हणून रात्रीचं बटण बंद ठेवून रोज सकाळी बूस्ट दाबणारी कितीतरी देशी कुटुंबं मला माहीत आहेत. ती पाणी दिवसाच्या दराने तापवत असतात, आणि इकॉनॉमी सेव्हनमध्ये दिवसाचा दर साध्या एकदरी वीजेपेक्षाही चढा असतो.

आता आकड्यांचं. काही मीटरवर ‘लो’ आणि ‘नॉर्मल’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं, काहींवर नुसतं ‘रेट १’ आणि ‘रेट २’. रेट १ म्हणजे दिवसच असणार असं गृहीत धरू नका. झोपण्यापूर्वी आणि सकाळी उठल्यावर दोन्हींचा फोटो काढा. हिवाळ्यात जो आकडा रात्रीतून भरपूर पुढे सरकला तो रात्रीचा. लाल चौकटीतला किंवा दशांश चिन्हानंतरचा आकडा कंपनीला कळवायचा नसतो.

ही खटपट का? समजा, दिवसाचा दर ३० पेन्स आणि रात्रीचा १५. महिन्यात रात्री ४०० आणि दिवसा १५० युनिट वापरले तर बिल १०५ पौंड. तेच आकडे उलटे नोंदले गेले तर १४२ पौंड ५० पेन्स, आणि स्थिर आकार वेगळाच. म्हणून किल्ल्या हातात पडतात त्याच दिवशी दोन्ही रीडिंगचा फोटो काढून ते वीज कंपनीला आणि एजंटला, दोघांनाही पाठवायचे.

वेळेचीही गंमत आहे. ‘रात्र’ प्रत्येक भागात वेगळी. साडेबारा ते साडेसात ही एक नेहमीची वेळ. मार्चअखेर घड्याळं तासभर पुढे जातात, पण अनेक जुने मीटर ग्रिनिचच्याच वेळेवर अडून बसतात. मग उन्हाळ्यात स्वस्त वीज दीड ते साडेआठ. काही मीटरना तर दर बदलण्याचा इशारा बीबीसीच्या लाँग वेव्ह रेडिओ लहरींवरून मिळायचा! ती सेवा ३० जून २०२५पासून टप्प्याटप्प्याने बंद व्हायला लागली. तुमचा मीटर त्यातला असेल तर बदलून घ्या.

एकूण वापरापैकी साधारण ४० टक्के रात्री होत असेल तरच हा दर परवडतो, असा ठोकताळा इथे सांगतात. स्टोरेज हीटर काढून साधे हीटर लावलेल्या घरात तो जमणं कठीण, मग रात्री वॉशिंग मशीन लावून वरच्या-खालच्या शेजाऱ्यांच्या शिव्या कितीही खाल्ल्या तरी. बिल तुमच्या नावावर असेल तर एकदरी योजना मागण्याचा हक्क तुमचा आहे. मीटरच बदलायचा असेल तर मात्र घरमालकाला आधी कळवा.

पुण्याहून भाऊ सांगत होता, स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना महावितरणने जुलै २०२५पासून सवलत जाहीर केली ती सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या वापरावर. तिकडे सौर वीज दिवसा भरपूर, म्हणून स्वस्ताईही दिवसा. इथून तिकडे परतणाऱ्यांनी वॉशिंग मशीनचा टायमर तेवढा बदलून घ्यावा.